दुकानातील नोकरीसाठी अर्ज दिल्यानंतर चौकशी कशी करावी

म्हापसा, पणजी किंवा मडगावच्या एखाद्या दुकानात बायोडाटा देऊन आलेली कितीतरी मुले-मुली फोनची वाट पाहत बसतात आणि दोन आठवडे उलटले की आपल्याला घेतले नाही, असे स्वतःच ठरवून मोकळी होतात. प्रत्यक्षात पुष्कळदा नकार कोणी दिलेलाच नसतो. कागद काउंटरच्या ड्रॉवरमध्ये जुन्या बिलबुकांखाली पडून राहिलेला असतो, किंवा ज्याने तो घेतला तो सेल्समन मॅनेजरला सांगायलाच विसरलेला असतो. म्हणून नीट चौकशी करणे हा अर्जाचाच उरलेला भाग समजावा आणि त्यात संकोच बाळगू नये.

निवड कोण करतो, हे आधी समजून घ्यावे. घरच्या मालकीच्या कापड दुकानात किंवा भांड्यांच्या दुकानात शेट स्वतःच निर्णय घेतो आणि गरज असेल तर दोन-चार दिवसांत बोलावतो. पर्वरीच्या मॉल दी गोवामधील किंवा पणजीच्या काकुलो मॉलमधील ब्रँडेड दुकानांची गोष्ट निराळी असते. तिथे स्टोअर मॅनेजरला उमेदवार पसंत पडला, तरी नाव अनेकदा गोव्याबाहेरच्या कार्यालयाकडे मंजुरीसाठी जाते, त्यामुळे उशीर झाला म्हणजे नकार आला असे नसते. अर्ज देतानाच तो घेणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि तारीख वहीत लिहून ठेवावी. साधारण एक आठवडा थांबून चौकशी करावी. जाहिरातीत शेवटची तारीख दिली असेल, तर आठवडा त्या तारखेपासून मोजावा.

वेळेची निवड फार महत्त्वाची आहे, आणि गोव्यात तर विशेषच. बाजारातील बरीच दुकाने दुपारी एकच्या सुमारास बंद होतात ती साडेतीनच्या आसपास उघडतात. त्या वेळेत फोन केल्यास शेटच्या विश्रांतीत व्यत्यय येतो. संध्याकाळी सहानंतर काउंटरवर गिऱ्हाईक असते. म्हापशात शुक्रवारी आठवड्याचा बाजार भरतो, तेव्हा त्या दिवशी तिथल्या दुकानात चौकशीला जाऊच नये. मॉलमध्ये शनिवार-रविवार टाळावेत, आणि महिनाअखेर स्टॉक मोजण्याचे काम चालते तेही दिवस सोडून द्यावेत. सोमवार ते गुरुवार, सकाळी दुकान उघडून झाडलोट आणि मांडामांड उरकल्यानंतर, म्हणजे अकराच्या सुमारास, मॅनेजर दोन मिनिटे शांतपणे ऐकून घेऊ शकतो.

फोनवर ‘माझ्या अर्जाचे काय झाले?’ अशी सुरुवात करू नये. दिवसभर अनेकांशी बोलणाऱ्या माणसाला त्यावरून काहीच आठवत नाही आणि ‘कळवतो’ म्हणून तो फोन ठेवतो. त्याऐवजी असे बोलावे: ‘नमस्कार सर, मी डिचोलीहून बोलतेय. मागच्या मंगळवारी काउंटरवर सेल्सगर्लच्या जागेसाठी बायोडाटा दिला होता. आपल्यापर्यंत पोचला का, एवढेच विचारायचे होते. मी दोन्ही शिफ्टना येऊ शकते आणि बिलिंगचे काम मला येते.’ शेवटी एकच प्रश्न विचारावा: ‘पुन्हा कधी चौकशी करू?’ या प्रश्नाला बहुधा एखादा ठरावीक वार मिळतो, आणि त्या वारी फोन केला तर तो तगादा वाटत नाही.

शिफ्टचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पेडणे, सत्तरी किंवा डिचोलीकडून येणाऱ्या उमेदवाराबद्दल मॅनेजरच्या मनात पहिली शंका असते ती परतीच्या प्रवासाची: रात्री दुकान बंद झाल्यावर ही व्यक्ती घरी कशी जाणार, शेवटची कदंब बस चुकली तर दुसऱ्या दिवशी येणार का? याचे उत्तर आपणहून द्यावे. स्वतःची दुचाकी आहे, शहरात नातेवाइकांकडे राहण्याची सोय आहे, किंवा फक्त सकाळची शिफ्ट जमेल, जे खरे असेल ते स्पष्ट सांगावे. गिऱ्हाइकाशी कोकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांपैकी कोणत्या भाषांत सहज बोलता येते, हेही सांगावे. पर्यटक येणाऱ्या दुकानात त्याला फार किंमत असते.

प्रत्यक्ष जायचे असल्यास नीटनेटके कपडे घालून, बायोडाट्याची नवी प्रत घेऊन जावे आणि गिऱ्हाईक उभे असेल तर बाजूला थांबावे. तुम्ही ताटकळत असताना कसे वागता, हे मॅनेजर पाहत असतो. व्हॉट्सॲपवर लिहायचे तर पूर्ण नाव, जागा, अर्जाची तारीख आणि कामावर कधीपासून येता येईल ते चार ओळींत लिहावे; निळ्या खुणा दिसल्या म्हणून लगेच दुसरा संदेश पाठवू नये. दोनदा चौकशी करूनही उत्तर आले नाही, तर तिथे थांबून अन्य दुकानांकडे वळावे. मधल्या काळात रोजगार विनिमय केंद्रातील आपली नोंदणी चालू आहे ना, तेही तपासावे.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. चौकशीच्या उत्तरात कोणी गणवेशासाठी, प्रशिक्षणासाठी किंवा ‘फाईल पुढे सरकवण्यासाठी’ पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नये आणि ओटीपी तर कुणालाच सांगू नये. फोनवरून किंवा ऑनलाइन फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

स्पष्ट नकार मिळाल्यास आभार मानून, नाताळच्या हंगामासाठी नाव ठेवता येईल का, असे विचारावे. डिसेंबरात पर्यटकांची गर्दी वाढते आणि अनेक दुकानांना तेवढ्यापुरती जादा माणसे लागतात. होकार आला, तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याच व्यक्तीकडे नव्या तारखेचा बायोडाटा नेऊन द्यावा आणि कामावर येण्याची तारीख त्यावर ठळक लिहावी.