नंबर जाण्याआधीची तयारी

नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंपनीने दिलेल्या सिमवरच आधार, बँक, जीमेल सगळं जोडून ठेवणारे पुष्कळ. नोकरी सुटली की सिम परत, आणि ओटीपी दुसऱ्याच्या खिशात वाजणार! घरातलं जुनं प्रीपेड सिमही भरवशाचं नाही. ९० दिवस वापर नसेल आणि शिल्लक २० रुपयांहून कमी असेल, तर ते बंद होऊ शकतं. पुढे तोच नंबर नव्या ग्राहकाला मिळतो.

त्यामुळे जुना नंबर चालू आहे तोवरच कामाला लागा. तो कुठे कुठे दिलाय हे आठवत बसू नका. मेसेजमध्ये ‘ओटीपी’ शोधा, निम्मी यादी तिथेच सापडेल. गॅस, विमा आणि महावितरण लोक हमखास विसरतात.

पहिला मान बँकेचा आणि आधारचा. आधार सेवा केंद्रात ठसे देऊन नवा नंबर जोडता येतो, जुना हाती नसला तरी. मग ईमेल, कारण बाकीचे पासवर्ड तिथूनच बदलतात. जीमेलला टू-स्टेप पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) चालू करून १० बॅकअप कोड काढा, म्हणजे ओटीपी येत नसला तरी आत जाता येईल. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून पासबुकात ठेवा. फक्त फोनमध्ये ठेवणं म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेणं. व्हॉट्सअ‍ॅपला सेटिंगमध्येच नंबर बदलायची सोय आहे, पाच मिनिटांचं काम.

जुनं सिम लगेच टाकू नका. दोनेक महिने किमान रिचार्जवर चालू ठेवा, म्हणजे राहून गेलेली खाती आपोआप मेसेज पाठवून सापडतात.