बाळंतिणीचे पहिले ४२ दिवस: घरी काळजी कशी घ्यावी

बाळ घरी आलं की सगळ्यांचं लक्ष पाळण्याकडे जातं. बाळाचं वजन, शी-शू, रंग, रडणं यावर दहा जणांची नजर असते. आईची सुटका सुखरूप झाली म्हणजे तिचं काम संपलं, असं घर धरून चालतं. पण बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणी बाळ जन्मल्यानंतर दगावतात, आणि सर्वांत जास्त धोका पहिल्या २४ तासांत असतो. त्यापुढचा आठवडाही बेसावध राहण्याचा नाही. म्हणून घरातल्या एका जाणत्या माणसाकडे फक्त आईवर लक्ष ठेवण्याचं काम द्यावं. बाळाला बघायला बाकीचे आहेतच.

दवाखाना सोडण्यापूर्वी

बाळंतपण नॉर्मल झालं तरी ४८ तास दवाखान्यात राहा. "सगळं ठीक आहे, घरी नेतो" म्हणून दुसऱ्याच दिवशी डिस्चार्ज घेऊ नका. २४ तासांच्या आत तर मुळीच नको. निघताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: शेवटचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके किती आणि विरघळणारे की काढायचे, आणि पुढच्या तपासणीची तारीख. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन दिलं का, हे तोंडाने विचारा. ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं आणि डिस्चार्जच्या गडबडीत राहून जाऊ शकतं.

पोट, लघवी आणि अंगावरून जाणं

बाळ झाल्यावर गर्भाशय बेंबीच्या आसपास, कडक चेंडूसारखं हाताला लागतं. रोज साधारण एक बोट खाली सरकत ते दहा ते चौदा दिवसांत ओटीपोटाच्या हाडामागे जातं. ते कडक असतं तोवर आतल्या रक्तवाहिन्या दाबलेल्या राहतात. मऊ पडलं की रक्त वाहू लागतं. मऊ पडण्याचं अगदी साधं कारण म्हणजे भरलेलं मूत्राशय. ते गर्भाशयाला वर ढकलतं आणि आकसू देत नाही. म्हणून प्रसूतीनंतर सहा तासांच्या आत लघवी झालीच पाहिजे आणि पुढचे काही दिवस लागो न लागो, दर तीन-चार तासांनी जायचं.

बाळाला पाजताना पोटात कळा येतात. त्या गर्भाशय आकसण्याच्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या जास्त जाणवतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉल त्यासाठी चालते.

अंगावरून पहिले तीन-चार दिवस लाल जातं, मग दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी आणि पुढे पिवळसर पांढरं. चार ते सहा आठवड्यांत ते थांबतं. झोपून उठल्यावर किंवा पाजल्यावर थोडं जास्त गेलं तर घाबरू नका. फिकट झालेलं पुन्हा लालभडक होऊ लागलं तर आधी आराम वाढवा. तेवढ्याने थांबलं नाही तर दाखवा.

एक मोठं पॅड तासाभरात पूर्ण भिजलं, लिंबाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडल्या, किंवा बाई पांढरीफटक पडून घामाने थंड झाली, तर क्रम असा ठेवा. एकाने १०८ ला फोन करायचा. दुसऱ्याने तिला सपाट झोपवून बेंबीखाली तळहाताने गोल गोल, गर्भाशय कडक होईपर्यंत चोळायचं. लघवी करता येत असेल तर पडल्या जागीच भांडं द्या, बाळाला छातीला लावा, अंगावर पांघरूण घाला. आत कापड किंवा बोळा अजिबात कोंबू नका. रक्त बाहेर दिसायचं थांबतं, आत साठत राहतं.

घरात आजही "खराब रक्त निघायला हवं" म्हणून रोज पोट रगडलं जातं. रक्तस्राव जास्त नसेल तर त्याची काही गरज नाही. सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाला तर हातही लावू नये.

टाके

खालच्या टाक्यांना पहिले २४ ते ४८ तास सूज असते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं ठेवला की बरं वाटतं. त्यानंतर टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोनदा दहा मिनिटं बसावं. प्रत्येक लघवी-संडासनंतर पुढून मागे पाणी ओतून धुवा आणि स्वच्छ कापडाने टिपून कोरडं करा. पॅड भिजलेलं नसलं तरी चार ते सहा तासांनी बदला. हळद, तेल, राख, कसलाही लेप नको. विरघळणारे टाके दोन-तीन आठवड्यांत आपोआप पडतात.

बद्धकोष्ठ झालं की कुंथताना टाके ओढले जातात, आणि दुखेल या भीतीने बाई संडासला जाणं टाळते. मग आणखी खडा होतो. भरपूर पाणी, पालेभाजी, भिजवलेले मनुके इथे औषधाचं काम करतात. तीन दिवस झाली नाही तर डॉक्टरांकडून सौम्य औषध घ्या. एरंडेल परस्पर पाजू नका.

सिझेरियनची जखम कोरडी ठेवायची. उठताना सरळ उठू नये: आधी कुशीवर वळायचं, पाय बाजेखाली सोडायचे, मग हाताच्या आधाराने बसायचं. खोकताना, शिंकताना, हसताना उशी पोटाशी धरायची. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, यात भरलेली बादलीही आली. जखम लाल होऊन गरम लागली, पू आला किंवा कडा उघडल्या तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

दूध

पहिलं घट्ट पिवळसर चिकाचं दूध पिळून टाकू नका आणि त्याच्या जागी मध, साखरपाणी, गुटी चाटवू नका. नॉर्मल बाळंतपणात तासाभरात बाळ छातीला लागावं, सिझेरियनमध्ये आई शुद्धीवर असेल तर तितक्याच लवकर. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजणं होतं.

बोंडशी चिरतात, त्याचं कारण बहुतेक वेळा धरण्याची पद्धत असते. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला लागलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. बोंडशीभोवतीच्या काळ्या भागाचा वरचा तुकडा खालच्यापेक्षा जास्त दिसला तर बाळाने नीट धरलंय असं समजा. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत असेल तर बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. ओढून काढू नका.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती दगडासारखी भरते, बाळाला धरता येत नाही आणि घर म्हणतं, "दूधच येत नाही, पावडर आणा." खरं तर दूध आलेलं असतं, वाट बंद असते. पाजण्याआधी कोमट फडक्याने शेका, हाताने थोडं दूध काढून काळा भाग मऊ करा, मग लावा. पाजून झाल्यावर गार पट्टी ठेवा. एका बाजूला लाल चट्टा, गाठ आणि थंडी वाजून ताप आला तर त्या बाजूने पाजणं थांबवू नका, पण २४ तासांत उतरलं नाही तर डॉक्टरांना गाठा; ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल तर तेवढीही वाट पाहू नका. दूध थांबवलं की तिथेच गळू होतं.

खाणंपिणं

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने दिवसाला सुमारे ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर दोन भाकऱ्या, एक वाटी घट्ट वरण आणि कपभर दूध. परंपरेतला डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, मेथी, बाजरी, शेपू, लसूण यात चूक काही नाही, उलट बरंच काही चांगलं आहे. अळिवात तर लोह आहे. खटकतं ते एकच, की तूप-गूळ वाढतो आणि भाजी, फळं, डाळ, अंडी ताटातून गायब होतात. लाडू दिवसाला एक-दोन पुरे. पपई, दही, भात "बाधतं" म्हणून तोडू नका.

पाणी तर अजिबात तोडू नका. "पाणी प्यायलं की पोट सुटतं" या समजापायी बाईला घोट-घोट मोजून दिलं जातं, आणि त्यातून बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, डोकेदुखी होते. दर पाजण्याच्या वेळी जवळ पेलाभर पाणी ठेवा.

सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची लाल गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक घ्यायची, आणि कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी रोज दोनदा, सहा महिने. दोन्ही एकत्र घेऊ नका, मध्ये निदान दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको, लिंबूपाणी चालेल. काढा, कातबोळ द्यायचा तर डॉक्टरांना सांगून, आणि गोळ्यांच्या ऐवजी नव्हे.

शेक, मालिश, पट्टा

ऊब हवीच, पण बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवणं आता थांबायला हवं. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि आई-बाळ दोघंही झोपेतच बेशुद्ध पडू शकतात. ओव्या-शेपाची धुरीही बाळाच्या श्वासाला त्रासदायक. कंबर शेकायची तर कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी घ्या, टाक्यांपासून दूर.

आंघोळ रोज करावी. पाणी कढत नको: रक्त कमी असलेल्या बाईला न्हाणीघरात चक्कर येते. आतून कडी लावू नये.

अंगाला तेल चोळून घ्यायला हरकत नाही, अंग मोकळं होतं. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय, तर तो पाय चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. थेट दवाखाना. सव्वा महिना बाजेवर पडून राहणं हे अशा गुठळीला आमंत्रणच. विश्रांती म्हणजे घरकामापासून सुटका. चालणं पहिल्या दिवसापासून हवं.

पोटाला पट्टा आधार म्हणून सैलसर बांधला तर चालतो, सिझेरियननंतर बरं वाटतं. श्वास अडेल इतका आवळला तर भार खाली, आधीच सैल झालेल्या ओटीपोटाच्या स्नायूंवर येतो. त्यापेक्षा व्यायाम करा: लघवी आणि वायू एकदम रोखल्यासारखं आवळा, पाच सेकंद धरा, पाच सेकंद सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करता करता मात्र नको.

ही लक्षणं दिसली तर घरी थांबू नका

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त. अंगावरून घाण वास. छातीत दुखून धाप लागणं. आणि घरात सहज दुर्लक्ष होतं ती गोष्ट: जोरात डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके, बरगडीखाली दुखणं. रक्तदाबाचा झटका बाळंतपणानंतरही येतो, आधी दाब नॉर्मल असलेल्या बाईलाही. दाब तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर चढतो, म्हणजे नेमका घरी आल्यावर. त्या दिवसांत एकदा मोजून घ्या. १४०/९० असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० असेल तर १०८.

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळाचं वजन झालं की त्यांना चहा पाजून निरोप देऊ नका; वरची सगळी लक्षणं आईबद्दलही सांगा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं सर्रास घडतं, दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी राहिली, झोप मिळत असूनही लागत नसेल, बाळ नकोसं वाटत असेल, तर ते नखरे नव्हेत, आजार आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. भास होणं, असंबद्ध बोलणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर तिला एकटं सोडू नका आणि लगेच दवाखान्यात न्या.

४२ वा दिवस

या तपासणीला आईही पेशंट म्हणून जाते, फक्त बाळाच्या लसीसाठी नव्हे. रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके बघून घ्या. पाळी आली नाही म्हणून दिवस राहणार नाहीत, हा भरवसा धरू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, फक्त अंगावर पीत असेल, रात्रीही पीत असेल आणि पाळी सुरू झाली नसेल, तरच तो आधार बऱ्यापैकी खरा. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांत किंवा मग सहा आठवड्यांनी बसवता येते. छाया ही गर्भनिरोधक गोळी पाजणाऱ्या आईला लगेच चालते: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी. माला-एन ही गर्भनिरोधक गोळी मात्र पाजणाऱ्या आईने सहा महिने घेऊ नये. गरोदरपणात साखर वाढली असेल तर याच सुमाराला ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त तपासायचं असतं. त्यासाठी त्या दिवशी सकाळी काही न खाता दवाखान्यात जा.