लॅपटॉप मधेच फट्कन बंद पडतोय? दुकानात न्यायच्या आधी एवढं बघून घ्या

आमच्या मावशीचं घर बेळगावच्या वडगावात, खाली दोन माग चालतात आणि वरच्या खोलीत तिचा पोरगा व्हीटीयूच्या, म्हणजे इंजिनिअरिंग विद्यापीठाच्या, प्रोजेक्टचं काम करत बसतो. त्याचा लॅपटॉप रोज दोन-तीनदा बंद पडायचा, काही मेसेज नाही, वॉर्निंग नाही, स्क्रीन एकदम काळी. दुकानात नेला तर मदरबोर्ड गेलंय म्हणून सांगून सोडलं आणि नवीनच घ्या म्हणाले. मावशी रडकुंडीला आली होती. मदरबोर्डला काहीसुद्धा झालं नव्हतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पहिलं काम म्हणजे स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही, वही घ्यायची. बंद कधी पडतोय ते तीन-चार दिवस लिहून काढा. चालू करून किती वेळाने, चार्जर लावलेला होता का, काय चाललेलं, खालून हात लावला तर किती गरम, आणि त्याच वेळी घरातली लाईट लपकली का. निम्मा रोग इथेच कळतोय.

हे लाईटचं आधी सांगतो कारण आपल्याकडे हेच जास्त चुकतं. खानापूरकडे पावसाळ्यात लाईट दिवसात कितीदा तरी क्षणभर जाते आणि येते, बल्ब नुसता डोळा मारतो. बॅटरी चांगली असेल तर लॅपटॉपला काही कळतच नाही, पण बॅटरी मेलेली असेल आणि तो नुसता चार्जरवर चालत असेल तर त्या एका झटक्यात तो बंद, आणि आपण म्हणतो लॅपटॉप बिघडला. लोक मग स्टॅबिलायझर आणतात. अडॅप्टरच्या मागचं लेबल वाचा की, बहुतेकांवर 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतंय, म्हणजे कमी-जास्त व्होल्टेज तो आपला आपण सांभाळून घेतो. खर्च करायचाच तर बॅटरीवर करा.

बॅटरी तपासायची तर कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी टाईप करा, एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट, एंटर. एक फाईल तयार होते, ती कुठे सेव्ह झाली तेही तिथेच दिसतं. त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे बघायचे. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याखाली गेला असेल तर बॅटरी थकली. 30-40 टक्के दाखवत असताना धाडकन बंद पडत असेल तरी बहुतेक तीच. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला दिसला तर वापरणं लगेच थांबवा, चार्जिंगला लावू नका, दाबायची किंवा टोचायची तर अजिबात नाही, आग लागते.

आता गरम होण्याचं. पोराच्या वहीत दिसत होतं की चालू केल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत बंद, आणि लगेच चालू केला तर पाचच मिनिटांत परत. ही खूण गरमीची. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून टेंपरेचर बघा, बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची हद्द 95 ते 105 डिग्रीच्या आसपास असते, तिथे पोचला की आधी तो स्लो होतो आणि तरी थंड झाला नाही तर स्वतःला वाचवायला बंद होतो. नुसता डेस्कटॉप उघडा असताना 80 दाखवत असेल तर बहुतेक आत हवा नीट फिरत नाही.

वॉरंटी संपलीय याची खात्री करून आम्ही मागचं झाकण काढलं, आधी बॅटरीची पिन सोडवली, स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या-त्या जागी ठेवले. फॅन वरनं स्वच्छ दिसत होता. पण फॅन उचलल्यावर त्याच्या आणि तांब्याच्या जाळीच्या मधे सुताच्या तंतूंची जाड पट्टी बसलेली, गुलाबी, हिरवा, जरीचा एखादा चमकणारा धागा, सगळा मागावरचा माल. चिमट्याने धरून अख्खी ओढून काढली, जाळीच्या पलीकडचा उजेड तेव्हा कुठे दिसला.

साफ करायला मऊ ब्रश आणि हाताने दाबायचा रबरी ब्लोअर पुरे. उद्यमबागेत कुणाच्या कारखान्यातला कंप्रेसर आहे म्हणून त्याची हवा मारू नका, प्रेशर जास्त असतं आणि त्यातनं पाणी पण येतं. हवा मारताना फॅनची पाती काडीने धरून ठेवा, मोकळी जोरात फिरली तर बेअरिंग जातं. चार-पाच वर्षं जुना असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची गरमी बाहेर पोचवणारा लेप, पण वाळलेली असू शकते, जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावायची. हात बसलेला नसेल तर हे एवढं काम दुकानातच करून घ्या, पण समोर बसून.

गरमही होत नाही, बॅटरीही ठीक आहे, तर चालू करताना एफ2 किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जा आणि अर्धा तास तसाच ठेवा. तिथेही बंद पडला तर दोष विंडोजचा नाही, फॉरमॅट मारून काही उपयोग नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर 41 दिसलं म्हणून घाबरू नका, नीट शटडाऊन न होता बंद पडला एवढाच त्याचा अर्थ, कारण त्यात लिहिलेलं नसतंय. निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट होत असेल तर ते वेगळं दुखणं, त्यावरच्या कोडचा फोटो काढा आणि विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवून रॅम तपासा. आणि वायर हलवली की बंद पडत असेल तर चार्जरची पिन नाहीतर जॅक ढिला आहे, दुसरा चार्जर लावून बघताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

पोराचा लॅपटॉप आता 60-65 डिग्रीवर चालतोय. मागाच्या खोलीचा जिना बंद करायला मावशीने पडदा लावलाय आणि दर तीन महिन्यांनी झाकण उघडायचं ठरलंय, कारण तिथली धूळ काही यायची थांबणार नाही.