‘कंपनीकडं जावा’ म्हणणाऱ्या दुकानदाराला कागदानं कसं गाठायचं

मी सोलापुरात कडक भाकऱ्या करून विकते. ज्वारीच्या, पापडासारख्या कुरकुरीत, सोबत शेंगाचटणी. दळण बाहेरून आणण्यात सकाळ जायची, म्हणून २०२५ च्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा तोंडावर असताना, नवी पेठेतून १७,५०० रुपयांना घरघंटी घेतली. मोटारीला २ वर्षांची वॉरंटी. पाचव्या आठवड्यात मशीन दर दोन मिनिटांनी बंद पडायला लागलं. पीठ हाताला चटका बसेल इतकं गरम, वर जळका वास. त्या पिठाची भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरा.

दुकानात गेले तर मालक हसतमुखानं म्हणाले, “मावशी, आम्ही फक्त विकतो. बिघाडाचं कंपनीकडं जावा.” बिलाच्या तळाला शिक्का होताच : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

आधी या दोन गोष्टींचा निकाल लावते. पैसे तुम्ही दुकानदाराला दिले, बिल त्यानं दिलं, म्हणजे व्यवहार त्याच्याशी झाला. कंपनीची जबाबदारी आहेच, पण म्हणून दुकानदार सुटत नाही. आणि तो शिक्का सदोष मालाला चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलच न देणं हीसुद्धा. रंग आवडला नाही म्हणून परत करायला गेलात तर मात्र हा कायदा पाठीशी नाही, तेवढं समजून घ्या. माझे ३० दिवस उलटलेले होते. त्यानं फक्त एक वाट बंद झाली. सदोष मालाबद्दलची तक्रार दोष उघड झाल्यापासून २ वर्षांच्या आत करता येते.

आता मी जवळजवळ केलेली चूक. सोलापुरात यंत्रमागांमुळं मोटार रिवाइंडिंगवाल्यांना तोटा नाही. आमचे भाऊजी म्हणाले, “वहिनी, हजार-बाराशेत नवी वायंडिंग करून आणतो, कशाला डोक्याला ताप?” मशीन रिक्षात चढवायचंच बाकी होतं. बरं झालं नाही नेलं. बाहेरच्या माणसानं एकदा खोललं की कंपनी म्हणणार, तुम्हीच बिघडवलं. पुढं प्रकरण ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या कोर्टात, गेलं आणि आयोगाला वाटलं तर तो वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवतो. खोललेल्या मशीनमध्ये तपासणार काय? तेव्हा वस्तू जशी आहे तशी ठेवा. बंद पडतानाचा व्हिडिओ काढा, त्यात मशीनवरचा नंबर दिसू द्या.

कंपनीचा मेकॅनिक आला तर त्याच्याकडून जॉबशीट, म्हणजे त्यानं काय तपासलं ते लिहिलेला कागद, घेतल्याशिवाय त्याला दारातून सोडू नका. माझ्याकडं आला तो आधी म्हणाला, व्होल्टेज कमी पडतंय. मग भाकऱ्यांची चवड बघितली आणि जॉबशीटवर लिहून टाकलं, ‘व्यावसायिक वापर, वॉरंटी लागू नाही’. मी ते लिहू दिलं. नकार कागदावर आला की तो आपल्याच कामाचा असतो.

घरातून धंदा करणाऱ्या बायांनी इथं नीट लक्ष द्यावं, कारण निम्म्या जणी या एका शब्दाला घाबरून गप्प बसतात. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही हे खरं. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यापारी कारणात धरत नाही. मी, माझी घरघंटी आणि माझा तवा, म्हणजे मी ग्राहक. वॉरंटी कार्डावर ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असं छापलेलं असेल तर तो वेगळा मुद्दा, आणि तो अवघड जातो. माझ्या कार्डावर होतं. मला तारलं ते घ्यायच्या आधी दुकानदाराला केलेल्या व्हॉट्सॲपनं : “भाऊ, रोज १० किलो ज्वारी दळायची, कडक भाकरीचा धंदा आहे, चालेल का?” त्याचं उत्तर : “बिनधास्त घेऊन जा मावशी.” मालविक्री कायदा १९३० चा आहे, त्यात हेच आहे. वस्तू कशासाठी हवी ते विक्रेत्याला सांगून त्याच्या भरवशावर घेतली असेल, तर ती त्या कामाला योग्य असावी लागते. म्हणून महागाची वस्तू घेताना आधी मेसेजवर विचारा. आणि तो मेसेज मूळ फोनमधून पुसू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका.

मग पत्र. वकील लागत नाही, एक पान पुरतं. दुकान आणि कंपनी दोघांच्या नावे लिहा : बिल नंबर, तारीख, किंमत, मशीनचा नंबर, दोष कधी दिसला, कोण काय म्हणालं. शेवटी मागणी स्पष्ट करा, ‘१५ दिवसांत मशीन बदलून द्यावे किंवा १७,५०० रुपये परत करावेत, अन्यथा ग्राहक आयोगाकडे जाईन’. शिव्या-शाप नकोत. माझ्या पहिल्या मसुद्यात होते, मुलीनं खोडले. मी पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवलं होतं. पुढं २०२५ मध्येच ते स्पीड पोस्टात मिसळलं, तेव्हा आता स्पीड पोस्ट करा आणि पोहोचल्याचा पुरावा जपा.

त्याच दिवशी १९१५ ला फोन लावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फुकट, मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून नंबर देतात आणि कंपनीकडं पाठपुरावा करतात. आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही, पण मोठ्या कंपन्या बऱ्याचदा इथंच नमतात. माझी नमली नाही. “तपासणी सुरू आहे” एवढंच उत्तर आलं.

राहिला जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथंच. ५ लाखांपर्यंत फी शून्य. कंपनी दिल्लीची असो की कोइमतूरची, तुम्ही सोलापुरात राहता म्हणून सोलापुरातच दाखल करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते. तक्रारीला शपथपत्र जोडावं लागतं. बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट, पत्राची पोहोच आणि मेसेज तारखेच्या क्रमानं लावा. विरुद्ध पक्ष क्रमांक १ दुकान, २ कंपनी. एकालाच धरलंत तर तो दुसऱ्याकडं बोट दाखवत बसतो. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. कायद्यात निकालाला ३ महिने आणि माल तपासायचा असेल तर ५ महिने लिहिलेत, पण तारखा लांबतात, मनाची तयारी ठेवा. नुकसानभरपाई मागताना हिशेब दाखवा. मी बाहेरच्या गिरणीच्या दळणाच्या चिठ्ठ्या जोडल्या होत्या.

वस्तूनं इजा केली, म्हणजे कुलरच्या पत्र्याला करंट उतरला, कुकर फुटला, तर त्याला उत्पादन दायित्व म्हणतात आणि त्याची भरपाई वेगळी मागता येते. त्यात दुकानदार सरसकट सापडत नाही. त्यानं स्वतः वेगळी हमी दिली असेल, वस्तूत फेरफार केला असेल किंवा बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल, अशा वेळी सापडतो.

आयोगाची नोटीस गेली आणि आठवड्यात दुकानाच्या मालकांचा फोन. “मावशी, एवढ्यासाठी कशाला कोर्टकचेरी, नवीन मशीन घेऊन जा की ओ.” तडजोडीचा कागद त्यांनी तयारच ठेवला होता. मी सोबत ५ किलो ज्वारी नेली होती. दुकानातच दळली, पिठात हात घातला, कोमट लागलं. नव्या मशीनचा नंबर आणि वॉरंटी त्या दिवसापासून धरल्याचं कागदावर लिहून घेतलं, मग सही केली. भरपाई सोडली, ते खरं. मेमधल्या ऑर्डरी खोळंबल्या होत्या.