गल्लीतलं श्रमदान : या चुका टाळा

रविवारी सकाळी पंधरा-वीस जण जमतात, कोपरा चकाचक होतो, ग्रुपवर फोटो पडतात. मंगळवारपर्यंत भरलेली पोती तिथेच असतात, कुत्री ती फाडतात आणि कचरा पुन्हा रस्त्यावर येतो. बहुतेक श्रमदानं इथेच मोडतात. झाडायला माणसं मिळतात, पण गोळा झालेलं उचलणार कोण, हे आधी ठरलेलं नसतं.

म्हणून तारीख जाहीर करण्याआधी वॉर्डाच्या मुकादमाला भेटा. गाडी कुठवर आत येते, किती वाजता येते, हे त्याच्याकडूनच पक्कं करा. रविवारी गाडी नसेल तर शनिवार धरा. विटांचे, टाइल्सचे तुकडे घंटागाडीत चालत नाहीत, तो राडारोडा वेगळा ठेवून त्याच्यासाठी पालिकेकडे वेगळी मागणी नोंदवा. आणि पालापाचोळा, बाटल्या, डायपर एकाच पोत्यात कोंबू नका. पुढे ते हाताने निवडायची वेळ सफाई कर्मचाऱ्यांवर येते, हा त्यांच्यावर सरळ अन्याय आहे. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवणं 2016 च्या नियमांपासून बंधनकारकही आहे.

ग्रुपवरचे अंगठे मोजून माणसं धरू नका. आदल्या संध्याकाळी एकेकाला फोन करा आणि नेमकं काम सांगा: ‘काका, घमेली-फावडी तुमच्याकडे. ताई, हातमोजे आणि पाणी तुम्ही बघाल ना?’ काम अंगावर असलं की माणूस येतोच.

साफ केलेल्या जागी पुन्हा कचरा पडतोय? भिंतीवर देवांच्या टाइल्स लावल्या तर तो चार पावलं पुढे सरकतो, एवढंच. टाकणारा कोण, ते शोधा. बरेचदा तो घंटागाडी येण्याआधीच कामाला निघणारा भाडेकरू असतो, नाहीतर जवळ डबाच नसलेला हातगाडीवाला. त्याच्याशी भांडण्यापेक्षा शेजारच्या सोसायटीत त्याची पिशवी ठेवायची सोय करून द्या.

झाडं लावणार असाल तर विजेच्या तारांखाली कडुनिंब नको. होळीनंतर पाणी कोण घालणार, ते घर ठरल्याशिवाय रोप आणूच नका. आधीचं झाड आड येतंय म्हणून कोयता चालवू नका, शहरात 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

वर्गणी काढलीत तर खराट्यापासून चहापर्यंतचा हिशेब त्याच संध्याकाळी फलकावर लावा, म्हणजे पुढच्या वेळी मागताना संकोच वाटणार नाही.