धर्मस्वातंत्र्यासाठी खरंच काही करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची

कुठेतरी प्रार्थनास्थळ जाळल्याचा व्हिडिओ येतो, आपण चिडतो, चार ग्रुपवर ढकलतो आणि दोन दिवसांत विसरून पण जातो. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय. मग एका छोट्या गटाबरोबर अशा केसेसचे कागद तयार करायला बसायला लागलो तेव्हा कळलं की आपल्या संतापाला तिथे कोणी विचारत नाही, तारखेला विचारतात. जे काय शिकलो ते इथे टाकतोय, वकील नाहीये मी, पण कामाला येईल.

सगळ्यात आधी हे डोक्यात फिट्ट बसवा की हा हक्क माणसाचा आहे, धर्माचा नाही. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांचा (यूएनचा) मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, त्यातलं कलम १८ वाचा, मोजून एक वाक्य आहे. विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य, त्यात धर्म बदलायची मोकळीक आली, आणि एकट्याने किंवा चारचौघांत, घरात किंवा उघड्यावर तो पाळायची, शिकवायची मोकळीक आली. पुढे १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारातही कलम १८ च आहे (नंबर लक्षात ठेवायला सोपं). त्या कराराचा अर्थ लावणाऱ्या समितीने १९९३ मध्ये स्पष्टच लिहून टाकलं की देव न मानणाऱ्यालाही हेच संरक्षण, कुठलाच धर्म न पाळणाऱ्यालाही हेच. म्हणजे ‘आमच्या धर्माचा अपमान झाला’ ही तक्रार या कलमात बसत नाही, ‘मला प्रार्थना करू दिली नाही’ किंवा ‘मला जबरदस्तीने करायला लावली’ ही बसते. हा फरक कळला नाही की माणूस धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली ईशनिंदेच्या कायद्याची बाजू घ्यायला लागतो, आणि त्या कायद्याखाली आत कोण जातं ते बघा, बहुतेक वेळा अल्पसंख्य किंवा वेगळं बोलणारा. पाकिस्तानात आसिया बीबी या ख्रिश्चन बाईवर २००९ मध्ये ईशनिंदेचा आरोप झाला, २०१० ला फाशीची शिक्षा सुनावली आणि सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं २०१८ ला.

दुसरं, बंधनं कुठवर चालतात ते समजून घ्या कारण वाद नेहमी तिथेच अडकतो. मनात काय मानायचं यावर सरकारला काडीचाही अधिकार नाही, शून्य. बाहेर ते कसं पाळायचं यावर बंधन घालता येतं पण त्याला अटी आहेत, बंधन कायद्यात लिहिलेलं हवं, सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता किंवा दुसऱ्याचे हक्क यातल्या एखाद्यासाठी खरंच गरजेचं हवं, आणि गरजेपुरतंच हवं. आता गंमत बघा, या यादीत ‘राष्ट्रीय सुरक्षा’ नाहीये. १९६६ च्या करारातल्या अभिव्यक्तीच्या कलम १९ मध्ये आहे, १८ मध्ये नाही. त्यामुळे कुठलंही सरकार ‘देशाच्या सुरक्षेसाठी यांच्या प्रार्थना बंद’ एवढंच म्हणून हात झटकायला लागलं की तिथेच बोट ठेवायचं. आणीबाणी लावली तरी हे कलम गुंडाळून ठेवता येत नाही, करारातच तसं आहे.

छळ म्हटलं की आपल्याला जाळपोळ आठवते पण बऱ्याचदा तो एका फॉर्ममधल्या रकान्यात बसलेला असतो. इजिप्तमध्ये ओळखपत्रं कॉम्प्युटरवर गेली आणि धर्माच्या रकान्यात तीनच पर्याय उरले, इस्लाम, ख्रिश्चन, ज्यू. बहाई हा वेगळाच धर्म, त्या लोकांनी काय लिहायचं? खोटं लिहा नाहीतर कार्ड विसरा, आणि कार्ड नाही म्हणजे बँक, नोकरी, शिक्षण सगळंच अडलं. ते कोर्टात गेले, वर्षानुवर्षं हेलपाटे घातले आणि २००९ मध्ये निकाल लागला की त्या रकान्यात नुसती आडवी रेघ मारता येईल. एक रेघ! ‘बहाई’ लिहायची परवानगी नाही हं, फक्त रेघ. पण त्या रेघेवर माणसांची आयुष्यं पुढे सरकली. म्हणून शोधायचं तर रकाने शोधा, परवाने शोधा, दफनभूमी कोणाला नाकारली ते शोधा, ज्या समाजाची नोंदणीच होत नाही त्यांचं प्रार्थनास्थळ कोणाच्या नावावर आहे ते विचारा.

आता मुख्य काम, नोंद. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. माझं पहिलं टिपण दीड पानाचं होतं, ‘अमानुष’ दोनदा, ‘भयंकर’ तीनदा आणि तारीख एकदाही नाही. आमच्यातल्या एक अनुभवी वकीलताई होत्या, त्यांनी कागद वाचून परत दिला आणि एवढंच विचारलं, किती वाजता? मला माहीतच नव्हतं. तेव्हापासून आधी सरळ प्रश्न लिहून काढतो. कोणाबाबत घडलं, कधी, कुठे, करणारे कोण होते आणि गणवेशात होते का, त्याआधी धमकी आली होती का, पोलिसांकडे गेले का आणि त्यांनी लिहून घेतलं का परत पाठवलं, कुठला कायदा दाखवला. स्वतः बघितलेलं वेगळं लिहायचं आणि ऐकलेलं वेगळं, दोन्ही एकत्र कालवलं की अख्खा कागद संशयात येतो. व्हिडिओ असेल तर त्यातली एखादी फ्रेम इमेज सर्चला टाकून बघा, पाच वर्षं जुना आणि भलत्याच देशातला निघतो कितीदा तरी, आणि एकदा खोटं पुढे गेलं की खऱ्या केसचं वाटोळं.

आणि परवानगी, हे मी अगदी हात जोडून सांगतो. ज्याच्यावर बेतलंय त्याला विचारल्याशिवाय नाव, फोटो, गाव काहीही बाहेर टाकायचं नाही. धर्म बदललेला माणूस कदाचित घरच्यांपासूनच लपवत असतो आणि आपण मदत म्हणून त्याचा चेहरा जगाला दाखवतो. फोटोच्या फाइलमध्ये लोकेशन चिकटलेलं असतं ते काढा, नावांऐवजी खुणा वापरा आणि नावांची यादी वेगळी ठेवा. तो नको म्हणाला तर विषय संपला, आपली तळमळ कितीही असो.

पाठवायचं कुठे? देशातली कोर्टं आणि मानवी हक्क आयोग असेल तर ते आधी, बहुतेक वेळा तिथेच काय ते होतं. त्यापुढे यूएनचे धर्मस्वातंत्र्यासाठीचे विशेष प्रतिवेदक आहेत, म्हणजे यूएनने नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ, हे पद १९८६ पासून आहे, २००४ ते २०१० पाकिस्तानच्या वकील अस्मा जहांगीर यांनी सांभाळलं. त्यांच्याकडे कोणीही ऑनलाइन फॉर्म भरून केस पाठवू शकतं, देशाने करारावर सही केलेली नसली तरी चालतं, देशातले उपाय संपवायची अटही नाही. केस उचलली तर ते सरकारला पत्र लिहितात, उत्तराला साधारण ६० दिवस देतात आणि मग पत्र जाहीर होतं. कराराच्या समितीकडे वैयक्तिक तक्रार करायची तर मात्र देशाने पहिला ऐच्छिक प्रोटोकॉल (अशा तक्रारींना परवानगी देणारा कराराचा जोड-करार) मान्य केलेला हवा आणि देशातली कोर्टं करून झालेली हवीत, हे आधी तपासा नाहीतर वर्षभराची मेहनत पाण्यात. शिवाय २००८ पासून साधारण दर साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाची यूएनमध्ये मानवी हक्कांवरून झाडाझडती होते, तिथे संस्थांना लेखी पाठवता येतं पण शब्दमर्यादा कडक असते, त्यामुळे विशेषणं आधीच छाटा.

एक टेस्ट मी स्वतःवर रोज लावतो. केस वाचताना धर्मांची नावं अदलाबदल करून बघायची. ज्याच्यावर अन्याय झाला तो मला न आवडणाऱ्या गटातला असता तर मी हेच लिहिलं असतं का? दारावर येऊन धर्म सांगणारे लोक मला स्वतःला फार वैताग देतात, खरं सांगतो. पण ग्रीसमधल्या मिनोस कोक्किनाकिस यांची केस वाचा. यहोवाचे साक्षीदार या दारोदार प्रचार करणाऱ्या ख्रिश्चन पंथाचे, क्रीट बेटावरचे, १९३६ पासून धर्मप्रसार केला म्हणून ६० पेक्षा जास्त वेळा अटक. १९८६ मध्ये ते आणि त्यांची बायको एका बाईंच्या घरी बोलायला गेले, बाईंचा नवरा तिथल्या चर्चमध्ये गाणारा, त्याने पोलीस बोलावले, शिक्षा झाली. १९९३ मध्ये युरोपियन मानवी हक्क कोर्टाने सांगितलं की ही शिक्षा चूक, आपलं म्हणणं सांगणं वेगळं आणि दबाव, फसवणूक वेगळी. मला वैताग येतो म्हणून मी दार लावू शकतो, पोलीस बोलावून त्यांना तुरुंगात घालायचं कारण नाही.

वेळ किती लागतो विचाराल तर दक्षिण कोरिया बघा. सैनिकी सेवेला सदसद्विवेकाने नकार देणारे तरुण तिथे तुरुंगात जायचे. कराराच्या त्याच समितीने २००६ मध्ये त्यांच्या बाजूने मत दिलं, सरकारने काही केलं नाही, अजून तक्रारी गेल्या, अजून मतं आली, शेवटी २०१८ मध्ये तिथल्या घटनात्मक कोर्टाने पर्यायी सेवा हवी म्हणून निकाल दिला आणि २०२० ला ती सुरू झाली. मधली १४ वर्षं कोणीतरी फायली सांभाळल्या होत्या. म्हणून पाठवलेल्या प्रत्येक कागदाची कॉपी, पोच आणि तारीख दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि तुमच्यानंतर त्या कोणाकडे असतील त्याचं नाव आजच ठरवा.