सरकारी म्हणजे सार्वजनिक नव्हे : अर्थशास्त्राच्या पेपरातल्या या चुका टाळा

सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांचे सराव पेपर मी तपासते. मुलं मेहनती असतात, अक्षरही वाईट नसतं. पण सार्वजनिक वस्तू आणि सामाईक संसाधनांवर प्रश्न आला की सगळी उत्तरं एकाच झेरॉक्समधून निघालेली वाटतात, आणि बहुधा तशी निघालेलीच असतात. अप्पा बळवंत चौकात चांगली पुस्तकं रचून ठेवलेली असताना पोरं टेलिग्रामवरच्या दोन पानी पीडीएफवर का विसंबतात, हे मला अजून कळलेलं नाही. त्या पीडीएफमधल्या चुका आता मला पाठ झाल्या आहेत.

सरकार देतं, म्हणून सार्वजनिक वस्तू

ही सगळ्या चुकांची आई. "पीएमपीएमएलची बस ही सार्वजनिक वस्तू आहे, कारण ती शासकीय सेवा आहे." असं वाक्य दिसलं की माझा लाल पेन आपोआप उठतो.

सकाळी नऊ वाजता स्वारगेटहून हडपसरची बस पकडून बघा. तिकीट काढलं नाही तर कंडक्टर खाली उतरवतो. म्हणजे पैसे न देणाऱ्याला वगळता येतं. तुम्ही सीट पटकावली की मागचा माणूस दांडीला लोंबकळतो. म्हणजे तुमच्या वापराने त्याच्या वाट्याचं कमी होतं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं 'हो' आली, की अर्थशास्त्राच्या हिशेबाने ती खाजगी वस्तू झाली. दोन्ही 'नाही' आली, तर सार्वजनिक. मालक महापालिका आहे की आणखी कोणी, हे कुणी विचारलेलंच नाही. पॉल सॅम्युएलसनने 1954 साली जेमतेम तीन पानांच्या लेखात ही कल्पना मांडली, ती एकाच्या उपभोगाने दुसऱ्याचा उपभोग घटत नाही या कसोटीवर. वगळता येतं की नाही ही दुसरी कसोटी पुढे रिचर्ड मस्ग्रेव्हने ठळक केली. मालकीचा दाखला दोघांनीही मागितला नव्हता.

ससून रुग्णालयातली खाट तशीच. एका रुग्णाला दिली की दुसऱ्याला मिळत नाही. मग सरकार ती का पुरवतं? कारण ती परवडत नाही म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये असं समाजाला वाटतं. मस्ग्रेव्हने अशा गोष्टींचा वेगळा गट केला, आपल्या पुस्तकांत त्यांना गुणवत्ता वस्तू म्हणतात. शाळा त्यातच येते. ते वेगळं उत्तर आहे, वेगळ्या परिच्छेदात लिहा.

आता उलट बाजू बघा. सरकारचा पैसा लागला नाही तरी सार्वजनिक वस्तू तयार होते, आणि त्यासाठी पुण्याच्या मुलांना परदेशी उदाहरण शोधायची गरज नाही. गणपतीतले देखावे घ्या. खर्च मंडळाचा, म्हणजे वर्गणीदारांचा. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही डोळे मिटायला लावता येत नाहीत, आणि एकाने रोषणाई पाहिली म्हणून दुसऱ्याला ती कमी दिसत नाही. तेव्हा शहाणा माणूस म्हणेल, वर्गणी कशाला द्या, देखावा तर दिसणारच आहे. हाच तो पुस्तकातला फुकट्या. तरी वर्षानुवर्षं देखावे होतात, ते कसे, हे लिहा म्हणजे मार्क मिळतील. पावतीपुस्तक घेऊन ओळखीची चार पोरं दारात उभी राहतात, तेव्हा नाही म्हणणं जड जातं. शेजाऱ्याने किती दिले ते पावतीच्या स्थळप्रतीवर दिसतं. आणि उरलेला खर्च रस्त्यावरच्या कमानींवरच्या जाहिरातीतून निघतो, म्हणजे वगळता न येणाऱ्या देखाव्याला वगळता येणारी एक वस्तू जोडलेली असते. मॅन्कर ओल्सनने 1965 मध्ये लिहिलं ते नेमकं हेच : छोट्या गटात कोण देत नाही ते कळतं, म्हणून तिथे वसुली होते. मोठ्या गटाला वेगळं आमिष किंवा सक्ती लागते. मंडळाच्या खजिनदाराला हे ओल्सन न वाचताच माहीत असतं.

(त्याच मंडळाचे स्पीकर ही सार्वजनिक उपद्रवाची वस्तू. तीही कुणाला वगळत नाही.)

माझी सवय सांगते. कच्च्या कागदावर चार घरांचा चौकोन काढायचा (दोन्ही 'हो' ते खाजगी, दोन्ही 'नाही' ते सार्वजनिक, वगळता येतं पण घटत नाही ते क्लब, वगळणं अवघड पण घटतं ते सामाईक संसाधन), वस्तू एका घरात टाकायची, मगच वाक्य लिहायला घ्यायचं. मागे एक मुलगा म्हणाला, "मॅडम, चौकोनात वेळ जातो, काही ट्रिक सांगा ना." त्याला विचारलं, तू दिवसभर ज्या अभ्यासिकेत बसतोस ती कुठल्या घरात येते? गप्प. महिन्याची फी भरल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि खुर्च्या रिकाम्या आहेत तोवर एक माणूस वाढला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. जेम्स ब्यूकॅनन 1965 मध्ये ज्यांच्याबद्दल लिहितो त्या क्लब वस्तूंचं इतकं स्वच्छ उदाहरण पुणं सोडून क्वचितच कुठे सापडेल. परीक्षा जवळ आल्या, सगळ्या खुर्च्या भरल्या, खुर्चीवर बॅग ठेवून जागा अडवण्यावरून भांडणं सुरू झाली, की तीच अभ्यासिका खाजगी वस्तूच्या घराकडे सरकते. घर कायमचं नसतं.

रस्त्याचंही तेच. गणेशखिंड रस्ता पहाटे तीनला जवळजवळ शुद्ध सार्वजनिक वस्तू, संध्याकाळी सहाला नाही. "रस्ते ही सार्वजनिक वस्तू आहे" एवढंच लिहून थांबू नका, किती वाजता ते लिहा.

फुकट मिळतं, म्हणून सार्वजनिक

नाही. मोफत वाटलेली वहीसुद्धा एकाच मुलाची होते.

मागणीची बेरीज आडवी करणं

आकृती काढताना निम्मी मुलं इथे घसरतात. तीन घरं, गल्लीत एक दिवा. पहिल्या घराला तो दिवा महिन्याला 300 रुपयांचा वाटतो, दुसऱ्याला 200, तिसऱ्याला 100. खर्च 500. एकट्याने 500 द्यायला कुणीच तयार नाही, म्हणून मुलं लिहितात "मागणी नाही". काही जण तर तीन घरं, तीन दिवे असं करतात. वड्यांच्या बाबतीत आपण एका किमतीला कोण किती वडे घेईल ते मिळवतो, ही आडवी बेरीज, कारण प्रत्येकाचा वडा वेगळा. दिवा तिघांनाही तोच. तेव्हा एका दिव्यासाठी कोण किती द्यायला तयार आहे ते एकावर एक, म्हणजे उभं रचायचं : 600. खर्चापेक्षा जास्त, दिवा लावावा.

यापुढची ओळ बहुतेकांच्या उत्तरात नसतेच. ज्याला ज्या किमतीचा दिवा वाटतो त्याने त्या प्रमाणात द्यावं, हे एरिक लिंडालने 1919 मध्ये सुचवलं. पण वर्गणी तुमच्या उत्तरावर ठरणार हे कळलं, की तिसरं घर म्हणेल आम्हाला अंधारच बरा वाटतो. खरी किंमत काढून कशी घ्यायची, हा या प्रकरणाचा गाभा आहे. दोन पानी नोट्समध्ये तो गाळलेला असतो, कारण तो एका ओळीत बसत नाही.

हार्डिन अर्धा वाचून उपाय सांगायला उठणं

हार्डिनची गोष्ट अशी : सामाईक कुरणात जो तो आपली गुरं वाढवत जातो, आणि शेवटी कुरणच संपतं. ती अर्धी वाचण्याची किंमत मी पाण्यात मोजलेली पाहिली आहे.

आमची सोसायटी बाणेरच्या पलीकडे. चार विंग, नळाचं पाणी अपुरं, बाकी सगळं बोअर आणि टँकरवर. टँकरचं बिल सगळ्या फ्लॅटमध्ये समान वाटायचं, मेंटेनन्समध्ये. समान वाटणीचा परिणाम ठरलेला : माझ्या घरचा फ्लश रात्रभर गळला तर त्याचा भुर्दंड सगळ्या सोसायटीत पसरतो, माझ्या वाट्याला चिल्लर येते. प्लंबर बोलावणं त्याहून महाग. एका एप्रिलमध्ये बिल फुगलं आणि सर्वसाधारण सभेत आरडाओरडा झाला. तेव्हा परीक्षेची तयारी करणारा वरच्या मजल्यावरचा एक तरुण उभा राहिला. "काकू, काका, ही सामाईक संसाधनांची शोकांतिका आहे. हार्डिन, 1968. उपाय दोनच, खाजगीकरण किंवा वरून नियंत्रण." वर्ष बरोबर होतं. कमिटीवर छाप पडली. ठरलं की प्रत्येक विंगने आपापलं बोअर घ्यायचं, आपलं पाणी आपण बघायचं. मी बोलले, पण सभेत आत्मविश्वासापुढे आकृती टिकत नाही.

सी विंगने सगळ्यात खोल मारलं. महिनाभरात ए विंगचं बोअर हवा ओढायला लागलं. पुण्याखाली बेसाल्ट आहे. पाणी साठतं ते त्या खडकाच्या भेगांत, सांध्यांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, आणि भेगेला विंगची हद्द माहीत नसते. भोकं वाटून घेतली, पाणी सामाईकच राहिलं. शिवाय आता प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी उपसण्याची घाई. टँकर वाढले.

गॅरेट हार्डिनचं कुरण हे कुणीही यावं, कितीही गुरं सोडावीत असं होतं. ना सभासद ठरलेले, ना नियम. गावाचं गायरान, देवराई, सोसायटीची टाकी या गोष्टी तशा नसतात, त्यांना मालक गट असतो. हार्डिननेही 1994 मध्ये आपला मुद्दा व्यवस्थापन नसलेल्या कुरणांबद्दल होता असं लिहिलं, पण ते पीडीएफपर्यंत पोचलेलं नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉमने 1990 च्या पुस्तकात स्वित्झर्लंडची कुरणं, जपानमधली गावांची रानं, स्पेन आणि फिलिपिन्समधले पाटबंधारे अशी शतकानुशतकं चाललेली उदाहरणं मांडली. तिथे सगळं खाजगी केलेलं नव्हतं, सरकारच्या हवालीही केलेलं नव्हतं. लोकांनी स्वतः नियम केले होते आणि स्वतः पाळत ठेवली होती. 2009 मध्ये तिला ऑलिव्हर विल्यमसनबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

इतकं लांब तरी का जायचं? पुरंदर तालुक्यात, नायगावला, 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने नाही तर घरातल्या डोक्यांच्या मापाने, माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला कमाल अडीच एकराचं. ऊस नाही. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. यातला प्रत्येक नियम एकेक पळवाट बुजवतो, आणि तो का केला हे सांगता आलं की सामाईक संसाधन टिकवणाऱ्या गटांत ऑस्ट्रॉमला दिसलेली आठ तत्त्वं घोकावी लागत नाहीत.

आमच्याकडे शेवटी काय चाललं ते सांगते. प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवणं जमलं नाही, कारण जुन्या बांधकामात स्वयंपाकघराची लाइन वेगळी, बाथरूमची वेगळी, एका घराला तीन-तीन मीटर लागले असते. म्हणून वरच्या टाकीतून उतरणाऱ्या लाइनवर विंगवार मीटर लावले. वॉचमन रोज सकाळी आकडे गेटजवळच्या फळ्यावर खडूने लिहितो. टँकरचं चलन त्याच फळ्याला अडकवतो. बिल विंगच्या आकड्यावर. चारही बोअरचा मिळून रोजचा उपसा किती, तो एकत्र ठरतो. आता गळका फ्लश हा त्या विंगचा प्रश्न झाला, आणि शेजारीण बेल वाजवून सांगते. पहिल्यांदा तोंडी, मग फळ्यावर फ्लॅट नंबर, मग दंड. शेजारच्या सोसायटीने त्याच खडकात आणखी खोल मारलं आहे, त्यावर या फळ्याचा इलाज नाही. त्यासाठी दोन्ही सोसायट्या एका टेबलावर याव्या लागतील आणि तशी चिन्हं नाहीत.

हार्डिन हे नाव दिसलं की मी समासात एकच प्रश्न लिहिते : "कोण मोजतं?"

धरणातलं पाणी "सर्वांचं", म्हणून सार्वजनिक वस्तू

पुण्याची धरणं खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून क्षमता सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट). शहराने घेतलेला थेंब कालव्याने दौंड-इंदापूरकडे जात नाही. कुणाला वगळणं अवघड, आणि एकाचं वाढलं की दुसऱ्याचं घटतं, म्हणून तर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनावरून (कालव्याला पाणी कधी, किती सोडायचं यावरून) खडाजंगी होते. हे सामाईक संसाधनाच्या घरात टाका.

"दंड आकारावा", "जनजागृती करावी"

जनजागृतीबद्दल बोलणार नाही, रक्तदाब वाढतो.

दंडाचं मात्र ऐका. इस्रायलमध्ये हैफाच्या पाळणाघरांत मुलं उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. उशिरा येणारे वाढले, आणि दंड काढून घेतल्यावरही पूर्वीइतके कमी झाले नाहीत. गनीझी आणि रुस्तिकिनी यांचा 2000 सालचा हा अभ्यास. आधी ओशाळवाणं वाटायचं, आता पैसे देऊन वेळ विकत घेतल्यासारखं झालं. आमच्याकडे पाइप लावून गाडी धुण्यावर दंड ठेवला, तेव्हा एक काका वर्षाचा दंड आगाऊ भरायला ऑफिसात आले होते. दंड लिहायचाच तर किती, कोण वसूल करणार आणि पहिल्या वेळी काय, हे तिन्ही लिहा.

दीपगृह

सार्वजनिक वस्तूचं उदाहरण म्हणून दहातले आठ पेपर समुद्रातलं दीपगृह देतात. रोनाल्ड कोसने 1974 मध्ये इंग्लंडच्या जुन्या नोंदी काढून दाखवलं की तिथली कित्येक दीपगृहं खाजगी लोकांनी चालवली होती आणि शुल्क बंदरात जहाजांकडून घेतलं जात होतं. त्यावर आक्षेपही आले, की शुल्क घेण्याचा अधिकार मुळात राजसत्तेनेच दिला होता. हे दोन्ही लिहिता येत असेल तर दीपगृह वापरा, नाहीतर गल्लीतला दिवा पुरतो.